काळजातली गोगलगाय

त्या आकृतीला जगात त्याआधी कोणीही पाहिलेलं नव्हतं.

रविवारची टळटळीत दुपार होती. सोलापुरात फेब्रुवारी सरतानाच शाळा-कॉलेजांना उन्हाची सुट्टी द्यावी लागायची, त्या वर्षांतली ही गोष्ट. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अंबादास जेवून आतल्या खोलीत आडवा झाला होता आणि पद्मजा इराबत्ती कूलरच्या घरघरीत संगणकासमोर बसून होती. पडद्यावर बारीक चौकोनांची काळी जाळी पसरली होती. तिच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका होता. तो पसरला, विस्कटला, आता विझणार असं वाटलं, आणि पुन्हा होता तसाच्या तसा जमून आला. फक्त एक घर उजवीकडे.

पद्मजाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुंजका परत पसरला, परत जमला. आणखी एक घर उजवीकडे.

"अगं बाई, ही चालते!" ती मोठ्यांदा म्हणाली. पन्नाशीला आलेली गणिताची प्राध्यापिका, पण खुर्चीतून उडी मारायचीच काय ती बाकी होती. असा आनंद एकट्याला पेलवत नाही. नवऱ्याला उठवायचं म्हणून ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. अंबादास उताणा झोपला होता. उकाड्यामुळे सदऱ्याची बटणं उघडी होती आणि छातीवरचा शस्त्रक्रियेचा लांब व्रण श्वासाबरोबर वरखाली होत होता.

त्या व्रणाकडे पाहताना, ती जाळी कशाची आहे हे पद्मजाला आठवलं. तिने दार हलकेच लोटून घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

*

तिचा छंद समजावून सांगणं सोपं नव्हतं. नातेवाइकांना वाटायचं, बाई संगणकावर खेळ खेळते. खरं म्हणजे ते खेळासारखंच होतं. चौकटीच्या कागदासारखी एक जाळी घ्यायची. तिच्यातलं प्रत्येक घर एक तर पेटलेलं, नाही तर विझलेलं. दर ठेक्याला प्रत्येक घर आपल्या आठ शेजाऱ्यांकडे पाहतं आणि त्यांतले किती पेटलेत यावरून पेटायचं की विझायचं ते ठरवतं. नियम एकच, तो सगळ्यांना सारखा. अख्ख्या जाळीत काय चाललंय याची कुठल्याच घराला खबर नसते. बहुतेक वेळा थोडी धावपळ होऊन सगळं विझून जातं. पण क्वचित एखादी आकृती अशी निघते की ती चालू लागते. चालते म्हणजे एकही घर जागचं हलत नाही. ज्वारीच्या रानावरून वाऱ्याची लाट जाते तेव्हा ताटं जागच्या जागीच असतात ना, तसं. पुढे जातो तो फक्त आकार.

अशा चालणाऱ्या आकृत्या शोधणारे लोक जगभर विखुरलेले होते. कोणी पक्षी बघत हिंडतं, तसे हे नियमांच्या जंगलात हिंडायचे. पद्मजाच्या नावावर दोन छोट्या आकृत्या जमा होत्या. घरात त्यांचं कौतुक एकट्या अंबादासला. तो मुलींच्या कबड्डी संघाचा प्रशिक्षक. गणिताचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा, पण मैदानावर कोणी भेटलं की सांगायचा, "आमच्या बाईंनी लावलेला शोध जपानमधले लोक बघतात ओ."

दोन वर्षांपूर्वी विभागीय सामन्याच्या शेवटच्या चढाईला अंबादास छाती धरून खाली बसला. जीव वाचला, पण हृदयाचा एक तुकडा निकामी झाला. डॉ. शहनाज बागवान यांनी त्याच्यापुढे नवा उपाय ठेवला. स्पंद नावाच्या कंपनीने प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूपेशींचा एक पातळ पापुद्रा तयार केला होता. मेलेल्या भागावर तो शिवायचा. लोक त्याला 'ठिगळ' म्हणायला लागले आणि पुढे डॉक्टरही तेच म्हणू लागले.

साध्या पेशी बेशिस्त असतात. मधूनच एखादी भलत्या वेळी आकसते, शेजारणीला चिथावते, आणि ती भलती लाट गोल फिरायला लागली की हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरतं. मग माणूस काही मिनिटांचा सोबती. म्हणून ठिगळातल्या पेशी बारीक चौकोनांत बसवल्या होत्या आणि प्रत्येक चौकोनात एक नियम जनुकांतूनच घातलेला होता. आठ शेजाऱ्यांपैकी अमुक इतके आकसले तरच तू आकसायचं, आणि त्यानंतर काही काळ गप्प बसायचं.

"मग ही माझीच जाळी झाली की," पद्मजा डॉक्टरांना म्हणाली होती.

घरी आल्यावर अंबादासने विचारलं, "ते आत नक्की काय करतंय, मला कळेल असं सांग." तेव्हा तिने त्याच्याच मुलींना मैदानात रांगांमध्ये उभं केलं. शेजारच्या दोघी-तिघींनी हात वर केला असेल, तर पुढच्या टाळीला आपण करायचा. एकदा केला की दोन टाळ्या काही झालं तरी हात खाली. अंबादासने खुर्चीत बसून टाळ्या दिल्या. पहिल्या रांगेने हात वर केले आणि लाट सरसरत मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन विरली. मग पद्मजाने मधल्याच एका मुलीला उगाच हात वर करायला सांगितलं. तिच्या भोवतीच्या प्रत्येकीला शेजारी एकच हात दिसला. कोणीच हलली नाही.

"बघा, एकटीने आगाऊपणा केला तर कोणी ऐकत नाही," पद्मजा म्हणाली.

"म्हणजे माझ्या छातीत शिस्त आली म्हण."

"तुमच्या आयुष्यात पहिल्यांदाच."

मुली खिदळल्या. अंबादासही पोट धरून हसला.

खरा नियम याहून किचकट होता, पण तो कंपनीने शोधनिबंधात छापलाच होता. पद्मजाने तो संगणकावर चालवून पाहिला. हजारो वेगवेगळ्या सुरुवाती दिल्या, सगळ्या विझल्या. तिला बरं वाटलं. कंपनीनेही हेच केलं होतं, फक्त कोट्यवधी वेळा. पण पद्मजाला एक गोष्ट अनुभवाने माहीत होती. दुर्मीळ आकृती आंधळेपणाने दाणे फेकून सापडत नाही. तिला उलट्या बाजूने पकडावं लागतं. समजा एक आकृती इतक्या ठेक्यांनंतर जशीच्या तशी एक घर पुढे उभी आहे, तर मग ती मुळात कशी असली पाहिजे? हे कोडं संगणकाला घालायचं आणि वाट पाहायची. तिने ते घातलं. का, तर सवयीने. आणि थोडं अशासाठी, की नवऱ्याच्या काळजात असं काही नाहीच, हे तिला पक्कं करून घ्यायचं होतं.

आणि त्या रविवारी कोडं सुटलं.

*

पुढचे काही आठवडे पद्मजाने कोणालाच काही सांगितलं नाही. आकृतीचं नाव तिने मनातल्या मनात 'गोगलगाय' ठेवलं, कारण ती फार हळू चालायची. गोगलगाय सपाट भागात निरुपद्रवी होती. ठिगळाच्या सरळ कडेला पोचली की मरायचीही. पण जिथे ठिगळ जुन्या हृदयाला शिवलेलं असतं त्या वाकड्यातिकड्या शिवणीवर ती पोचली, की तिचं शेपूट एका बाजूला अडकायचं, तोंड दुसऱ्या बाजूला वळायचं आणि ती स्वतःभोवती फिरायला लागायची. पडद्यावर भोवरा दिसायचा. तो कधी थांबायचाच नाही.

मग तिने गोगलगाय जन्माला येते कशी ते शोधलं. नेहमीचा ठोका होऊन गेल्यावर लगेच दुसऱ्याच दिशेने एक अवकाळी ठोका आला, तर. असे ठोके माणूस दचकला की येतात. पण त्या वेळी हृदय धावत असतं. पुढचा ठोका इतक्या लवकर येतो की त्याची लाट गोगलगायीला शिवणीवर पोचण्याआधीच पुसून टाकते. घाबरलेल्या माणसाला धोका नव्हता. धोका होता तो भीती ओसरल्यावर. तेव्हा ठोके मंदावलेले असतात, पण भीतीने सुटलेलं ॲड्रिनलिन अजून रक्तात उतरतच असतं. मधूनच एक अवकाळी ठोका येतो आणि त्याच्यामागे एक लांब, शांत खंड पडतो. त्या खंडात गोगलगायीला पुरेसा वेळ मिळतो.

हे समजलं त्या दिवशी तिने अंबादासला नेहमीसारखे पोहे केले. तो म्हणाला, "आज मीठ नाही का?" तिने मीठ आणून दिलं. त्याला सांगायचं तर तो घाबरणार. आणि घाबरलेला माणूस कधी ना कधी शांत होतोच.

ती डॉ. बागवानांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भोवरा पाहिला. मग खोलीचा दरवाजा लावून घेतला.

"इराबत्ती मॅडम, माझे दोन पेशंट गेले," त्या म्हणाल्या. "दोघांची ठिगळं उत्तम होती. एका आजोबांचा नातू यात्रेत हरवला होता. तासाभराने सापडला. पोराला जवळ घेतलं, पाणी मागितलं, ओट्यावर बसले आणि गेले. आम्ही लिहिलं, ताण सहन झाला नाही. पण घरचे सांगत होते, ताण संपला होता हो."

"आणि दुसरे?"

"बाई होत्या. गाठीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून फोनवर मुलीशी हसत बोलत होत्या."

उपाय त्या खोलीतच सापडला आणि तो अगदी जुना होता. छातीत साधा पेसमेकर बसवायचा आणि ठोके एका मर्यादेखाली जाऊच द्यायचे नाहीत. खंडच पडला नाही, तर गोगलगायीला वेळच मिळणार नाही.

*

कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. कौस्तुभ रिसबूड पुण्याहून गाडी काढून आले. हा कोणी वाईट माणूस असेल अशी पद्मजाने मनाची तयारी ठेवली होती. पण तिने पडद्यावर गोगलगाय चालवून दाखवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आम्ही कोट्यवधी सुरुवाती तपासल्या होत्या," ते म्हणाले.

"माहीत आहे. असं काही नाही असं धरून तुम्ही शोधलंत. मी ते आहे असं धरून शोधलं."

त्यांनी आकृती पुन्हा सुरुवातीपासून चालवून पाहिली. मग म्हणाले, "देशात हजारो लोकांना ठिगळ आहे. सगळ्यांना पेसमेकर बसवायला काही महिने लागतील. आज जाहीर केलं तर सगळे एकदम घाबरतील, आणि नंतर..."

"आणि नंतर शांत होतील," डॉ. बागवान म्हणाल्या.

ठरलं ते असं. नेहमीची तपासणी म्हणून एकेकाला बोलवायचं, तपासणीत काहीतरी किरकोळ निघालं म्हणायचं आणि पेसमेकर बसवायचा. कोणीही बोलायचं नाही. पद्मजाने मान डोलावली. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध तिने स्वतःच्या हाताने गाडून टाकला, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. यादीत पहिलं नाव अंबादासचं घालून घेताना मात्र तिला डॉक्टरांकडे पाहवलं नाही.

अंबादासला पेसमेकर बसला. घरी आल्यावर तो चार दिवस बायकोकडे नुसता बघत राहिला. मैदानावर प्रतिस्पर्धी चढाईपटूच्या पायांकडे बघावं तसा.

"किरकोळ गोष्टीसाठी डॉक्टरीणबाई स्वतः गाडीपर्यंत सोडायला आल्या," तो शेवटी म्हणाला. "आणि तू दोन महिने धड जेवत नाहीस. काय ते सांग आता."

आता सांगायला धोका नव्हता. पद्मजाने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या काळजात गोगलगाय चालते," तो म्हणाला, "आणि तू मला पोहे वाढत होतीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता."

"घाबरलो असतो. पण माझं मी घाबरलो असतो ना?" तो उठून खिडकीशी गेला. थोड्या वेळाने तिकडे पाहतच त्याने विचारलं, "बिराजदार कधी आहे?"

मल्लिनाथ बिराजदार हा एसटीचा निवृत्त चालक. दोघांची ठिगळं एकाच आठवड्यात बसली, वॉर्डात खाटा शेजारी शेजारी. तेव्हापासून रोज पहाटे दोघे तलावाला फेरी मारायचे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा प्यायचे.

"पुढच्या महिन्यात," पद्मजा म्हणाली.

"पुढच्या महिन्यापर्यंत मी त्याच्याबरोबर रोज चालायचं. गप्पा मारायच्या. आणि त्याला सांगायचं नाही."

"सांगितलंत तर तुम्ही त्यांना मारल्यासारखं होईल."

"आणि नाही सांगितलं, आणि मधेच तो गेला, तर?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर दोघं एकाच घरात राहिली, पण बोलणं भाजी-दुधापुरतं उरलं. अंबादास पहाटे फिरायला जायचा बंद झाला. बिराजदार दोनदा दारावर येऊन गेले. "काय बे अंबादास, नवं यंत्र बसलं तर मित्राला विसरलास?" आतून अंबादास म्हणायचा, पाय दुखतोय.

तिसऱ्यांदा बिराजदार आले तेव्हा अंबादास चपला घालून त्यांच्याबरोबर गेला. पद्मजा कॉलेजात होती. परत आली तेव्हा तो पायरीवर बसलेला होता.

"सांगितलं मी त्याला," तो म्हणाला. "सावकाश सांगितलं. ॲडमिट करूनच घरी आलो. बागवान मॅडमनी वेगळी खाट दिली, ठोके बघणारं मशीन लावलंय. उद्याच पेसमेकर बसवतायत. तू म्हणालीस तसं काही झालं नाही."

पद्मजाला हायसं वाटलं. कदाचित आपणच उगाच भ्यालो, असंही वाटलं. पण बिराजदारांनी दवाखान्यातून मुलीला फोन केला होता. शिवलीला पुण्यात नोकरीला होती. बापाला वाचवलं, मग बाकीच्यांना का नाही, असा सरळ प्रश्न तिला पडला, आणि तो तिने मोबाइलसमोर बसून, रडत रडत, साऱ्या जगाला विचारला. वाईट हेतू तिच्या मनात नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ घराघरात पोचला. सगळ्या वाहिन्यांवर एकच पट्टी फिरत होती. काळजातली गोगलगाय.

*

ठिगळ असलेले लोक मिळेल त्या वाहनाने दवाखान्यांकडे धावले. सोलापुरात डॉ. बागवानांच्या दवाखान्याचं आवार भरून गेलं. आसपासच्या गावांतून, थेट कर्नाटकातूनही माणसं आली. कोणी छातीवर हात धरून उभं, कोणी देवाचं नाव घेत येरझाऱ्या घालणारं. बायका, लेकरं, भाकरीच्या पुरचुंड्या. आत शस्त्रक्रिया अखंड चालू होत्या, पण पेसमेकर किती आणि माणसं किती!

पद्मजा आणि अंबादास दोघंही तिथेच राबत होते. कोणाला पाणी दे, कोणाचं नाव लिहून घे. एकमेकांशी बोलायला वेळ नव्हता आणि ते बरंच होतं. पद्मजा सारखी वाट पाहत होती. आता कोणी पडेल, मग पडेल. दिवस गेला, रात्रीही कोणाचा डोळा लागला नाही. दुसरा दिवस उजाडून दुपार झाली. कोणीच पडलं नाही. देशभरातून एकही बातमी नाही.

"बघ की," अंबादास पाण्याचा जार उतरवताना म्हणाला. "इतकी घाबरलीत माणसं, पण सगळी धडधाकट."

पद्मजा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला लख्ख उमगलं. धडधाकट असणारच. सगळ्यांची हृदयं धावत होती. भीती प्रत्येक ठोक्याला गोगलगाय पुसून टाकत होती.

तिने रिसबूडांना फोन लावला. पलीकडे खूप माणसांचा गलबला होता.

"मी दिल्लीत आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आरोग्य खात्याची बैठक आत्ताच संपली. आता टीव्हीवर सांगतील ते. मॅडम, मी जीव तोडून सांगितलं हो. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. दोन दिवस सगळे पेशंट भीतीने अर्धमेले झालेत, तर दगावले किती? मी म्हणालो, एकही नाही. ते म्हणाले, मग झालं तर."

"काय सांगणार आहेत ते?"

"घाबरायचं कारण नाही म्हणून."

"थांबवा त्यांना! आहेत तसे राहू द्या लोकांना. निदान हळूहळू..."

"सुरू झालं," रिसबूड म्हणाले.

आवारात वाट पाहणाऱ्यांसाठी दवाखान्याच्या भिंतीवर मोठा पडदा लावलेला होता. त्यावर एक प्रसन्न चेहऱ्याचे अधिकारी दिसले. पाठीमागे तज्ज्ञ म्हणवणारी चार माणसं बसली होती. आवाज शांत, समजुतीचा. दोन दिवसांत देशात या कारणाने एकही मृत्यू झालेला नाही. ही निव्वळ अफवा आहे. ठिगळ पूर्णपणे सुरक्षित आहे. बंधू-भगिनींनो, निर्धास्त मनाने घरी जा. आज शांत विश्रांती घ्या.

आवारावरून एक मोठा उसासा गेला. अख्ख्या गर्दीचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी हसलं, ते हसू शेजारच्याला लागलं, त्याचं पुढच्याला. दोन दिवस ताठ उभी असलेली माणसं लिंबाच्या सावलीत, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे टेकू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं बसत गेली. एकाने डोळ्यांवर टॉवेल टाकून चक्क आडवं अंग टाकलं. भाकरीच्या पुरचुंड्या सुटल्या.

"बसू नका!" पद्मजा ओरडली. "अहो, कोणी बसू नका! चालत राहा!"

दोन दिवस घसा कोरडा करून तिचा आवाज बसला होता. जवळच्या चार माणसांनी मान वळवून पाहिलं. एक म्हातारा कीव केल्यासारखं म्हणाला, "बाई, टीव्ही बघितला नाही का? काही नाही म्हणे. बसा तुम्हीपण."

अंबादासला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो गर्दीत घुसला होता. दिसेल त्याला दंडाला धरून उभं करत होता. "उठा ओ काका! उठ बे! चला, फेरी मारा, चला!" काही उठले. काही चिडले. एका तरण्या जावयाने त्याला ढकलून दिलं, "आमच्या मामंजींना पुन्हा घाबरवताय काय?"

आतून डॉ. बागवान धावत बाहेर आल्या, हातात शॉक देण्याचं यंत्र घेऊन. त्यांनी पद्मजाकडे पाहिलं. कोणीकडे जाऊ, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत होता. पद्मजालाही ते ठाऊक नव्हतं. शेकडो माणसांत कोणाच्या छातीत आत्ता तो एक अवकाळी ठोका पडला असेल, हे कोणतंही गणित सांगू शकत नव्हतं.

पहिली हाक पाण्याच्या टाकीजवळून आली. "आबा? ओ आबा! उठा की!" डॉ. बागवान तिकडे पळाल्या. गर्दी त्या बाजूला वळली, पण काय झालं ते मागच्यांपर्यंत पोचलं नाही. उन्हाने चक्कर आली असेल, असं कोणीतरी म्हणालं. मग दुसरी हाक फाटकापाशी उठली.

पद्मजाच्या पायाशी एक बाई दगडावर बसली होती. पस्तिशीची असेल. गळ्याशी पदराखाली व्रणाचं टोक दिसत होतं. तिच्या मांडीवर झोपलेलं मूल होतं आणि ती डोळे मिटून, ओठांवर हलकं हसू घेऊन, त्याच्या केसांतून हात फिरवत होती. फिरवता फिरवता तिचा हात मंदावत होता.

पद्मजाने तिचा दंड धरला. "ओ ताई, उठा. उठा आधी. माझ्याबरोबर चला."

बाईने डोळे उघडले. ती गोंधळून पद्मजाकडे पाहू लागली. "का हो? आता काय झालं? मिटलं ना सगळं?"

खरं सांगितलं तर ती घाबरेल. घाबरली तर आत्तापुरती जगेल. मग संध्याकाळी, उद्या, परवा, कधीतरी तिची भीती जाईल. खोटं सांगितलं तर ती पुन्हा डोळे मिटेल. पद्मजाला आयुष्यात पहिल्यांदा असं गणित पडलं होतं, ज्याची दोन्ही उत्तरं चुकत होती.

"सांगा की," बाई म्हणाली. तिच्या आवाजात आता भीती शिरू लागली होती. "काय झालं?"

तिचा श्वास वाढत होता. दंडावरच्या बोटांना पद्मजाला तिची नाडी लागली. जलद. आणखी जलद. पद्मजा काहीच बोलली नाही. तिने झोपलेलं मूल स्वतःच्या कडेवर घेतलं, बाईला उभं केलं आणि तिला ओढत चालायला लागली. पाठीमागे तिसरी हाक उठली. तिने वळून पाहिलं नाही, आणि त्या बाईलाही पाहू दिलं नाही.